कापून टाकलेली गुरगुर

१

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता काकूंचा उजवा हात रक्तानं माखला, आणि चावा घेणारा त्यांचा सगळ्यांत लाडका होता.

लाडका म्हणजे गाठोड्या. करड्या, झुपकेदार केसांचा कुत्रा. कुठंही पसरला की कुणीतरी धुण्याचं बोचकं टाकून गेलंय असं वाटायचं, म्हणून हे नाव. मालकीण वाचनताई. या इमारतीत दृष्टिहीन माणसांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड केली जातात. काचेपलीकडच्या बंद खोलीत वाचनताई माइकसमोर बसून वाचते, तिच्या पायाशी गाठोड्या झोपतो, आणि काचेच्या अलीकडे रेकॉर्डिंगदादा कानांवर हेडफोन चढवून बटणं फिरवत असतो. काकू झाडलोट करतात. बहिणीच्या आजारपणासाठी त्या महिनाभर रजेवर होत्या. आज परतल्या, खांद्यावरची पिशवी खाली टाकली, "माझं सोनं ते!" म्हणत गुडघ्यांवर बसल्या आणि गाठोड्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकले.

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं.

"गुरगुरलासुद्धा नाही हो!" मलमपट्टी करून घेताना काकू पुन्हा पुन्हा सांगत होत्या. हातापेक्षा मनालाच जास्त लागलं होतं. "साधं गुर्रसुद्धा नाही. एकदम दातच."

साहेबांनी, म्हणजे संस्थेच्या व्यवस्थापकांनी, ते वाक्य ऐकलं आणि फोन उचलला. नगरपालिकेची गाडी पाच वाजता येणार होती. चावलेला कुत्रा त्या गाडीत चढला की उतरताना कुणी पाहिलेला नव्हता.

वाचनताई कोपऱ्यात भिंतीला टेकून रडत होती. गाठोड्याला मागच्या खोलीत कोंडलं होतं. दाराखालच्या फटीतून त्याचं नाक तेवढं दिसत होतं.

तेवढ्यात जिन्यावरून काठीची टकटक आली. तपासमावशी वर येत होत्या. त्यांना जन्मापासून दिसत नाही. तयार झालेलं प्रत्येक रेकॉर्डिंग त्या ब्रेलच्या पानांवर बोटं फिरवत ऐकतात आणि चुका काढतात. एका वाचकानं कंटाळून अकरा पानं गाळली होती, ती मावशींनी नुसत्या पानं उलटण्याच्या आवाजावरून पकडली. तेव्हापासून इथं पंख्याचं बटण हरवलं तरी लोक मावशींकडे जातात.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"काकू, महिन्यापूर्वी हा कुत्रा गुरगुरायचा?"

"गुरगुरायचा की! टपालवाल्याच्या बुटांवर तर रोज."

"मग साहेब," मावशी म्हणाल्या, "चावा कुणी घेतला ते आपल्याला ठाऊक आहे. त्याची गुरगुर कुणी घेतली, ते शोधायला मला पाच वाजेपर्यंत वेळ द्या."

२

पहिला संशय भारदस्तांवर गेला, आणि तो जाणं साहजिकच होतं.

भारदस्त म्हणजे संस्थेचे ज्येष्ठ वाचक. आवाज असा की साधा पत्ता वाचला तरी ऐकणारा सावरून बसावा. हातात जाड काठी. कुत्रा इमारतीत नको असा लेखी अर्ज त्यांनी तीनदा दिला होता.

"काठी लावलीत का कधी त्याला?" मावशींनी सरळ विचारलं.

"मी? अहो, मी त्याच्यापासून चार हात लांब चालतो! भीती वाटते मला. लहानपणी पोटरीला चावलाय एक." एवढ्या मोठ्या आवाजातून एवढी लहान कबुली आली की काकूंना हसू फुटलं. भारदस्त जरा खजील झाले. "आणि खरं सांगू? माझा अर्ज गुरगुरीबद्दल होता. या महिन्याच्या सुरुवातीला तो फार गुरगुरत होता. भिंतीपलीकडून माझ्या वाचनात यायचं. मग हळूहळू थांबला. मी म्हटलं, बरं झालं, सुधारला."

"सुरुवातीला फार, मग बंद," मावशी पुटपुटल्या. "तापासारखं. पण ताप उतरलेला नाही, थर्मामीटर फुटलंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही निर्दोष आहात. चहा घ्या."

काकूंनी मावशींना बाकावर बसवलं. "मावशी, तो मला चावला, पण मला त्याचा राग येत नाही हो. चावून झाल्यावर तो असा बघत होता माझ्याकडे... जसं काही मीच त्याला सांगायला हवं होतं, की मी काय करणार आहे."

"कसा बघत होता ते मला सांगू नका, मला ते कळायचं नाही. तुम्ही त्याला कुठं धरलंत ते सांगा."

"गळ्यात हात घातले. नेहमीसारखे. पट्ट्यावरून."

मावशींची बोटं काठीवर थबकली. "काकू, त्या वेळी पट्ट्याचा बिल्ला वाजला का?"

काकूंनी आठवून पाहिलं. "नाही बाई. वाजला नाही."

"मलाही हल्ली वाजल्याचं आठवत नाही. गेल्या महिन्यापर्यंत हा कुत्रा मजल्यावर कुठं आहे ते मला त्या किणकिणीवरून कळायचं. मी समजत होते, म्हातारा झाला, हिंडत नाही."

"म्हातारा कसला! चार वर्षांचा आहे."

"तेच," मावशी उठल्या. "या इमारतीत एक नाही, दोन आवाज हरवलेत."

३

वाचनताईनं डोळे पुसले होते, पण आवाज ओलाच होता.

"मावशी, मी त्याच्यावर कधी हात उगारला नाही. देवाशपथ."

"ठाऊक आहे गं. मला एवढंच सांग, वाचताना तू त्याला हात लावतेस का?"

"लावते ना. पान संपलं की डावा हात खाली जातो. गळ्याखाली खाजवते त्याच्या. सवयच आहे, चार वर्षांची."

"आणि तो?"

ताईनं डावा हात मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाली, "मध्यंतरी गुरगुरायचा. मला वाटलं, झोपमोड होते म्हणून. आता नाही गुरगुरत. फक्त जीभ काढून ओठ चाटतो आणि तोंड फिरवतो. आंघोळ म्हटली की पळून जातो. गळ्याशी केसांचा गुंता झालाय, कंगवा लावू देत नाही. मी म्हटलं, राहू दे, लाडावलाय."

"गुरगुरला की तू काय करायचीस?"

"मी काही नाही. दादाच..." ती अडखळली. "तो आतल्या स्पीकरवरून बोलायचा. रेकॉर्डिंग बिघडायचं ना."

मावशींनी जास्त विचारलं नाही. काठी टेकत त्या काचेपाशी आल्या. रेकॉर्डिंगदादा बाहेरच्या खुर्चीत खांदे पाडून बसला होता. हा मुलगा मावशींचा आवडता. एका श्वासाचा खरखराट काढायला रविवारचा दिवस घालवणारा. गाठोड्यासाठी तोच खिशात बिस्किटं ठेवायचा.

"मावशी, मी काही केलं नाही हो," तो आधीच म्हणाला.

"केलंस असं मी म्हटलं नाही. एक सांग, तू माझ्याकडे जे रेकॉर्डिंग पाठवतोस ते साफ केलेलं असतं. बरोबर? खोकला, खुर्ची, पोटातली गुडगुड, सगळं कापलेलं."

"हो."

"कापलेले तुकडे कुठं जातात?"

"एका वेगळ्या फाइलीत. पुस्तक पुरं होईपर्यंत काही पुसायचं नाही, असा आमचा नियम आहे. कधीकधी त्यातली नुसती शांतता लागते, ठिगळ लावायला."

"आज मला पुस्तक नको," मावशी म्हणाल्या आणि हेडफोनसाठी हात पुढं केला. "आज मला कचरा ऐकव."

४

त्रेचाळीस तुकडे होते. महिनाभराचे, तारीखवार.

मावशी डोकं खाली घालून ऐकत होत्या. बाजूला साहेब उभे होते, हातावरच्या घड्याळाकडे बघत. दोन वाजून गेले होते.

पहिले सहा तुकडे: किणकिण. गळ्यातला बिल्ला. कुत्र्यानं मान हलवली की किण, आणि ताईचं वाक्य वाया.

सातव्या तुकड्यापासून किणकिण नाही.

आठवा: पान उलटलं. केसांतून बोटं फिरल्याची सळसळ. आणि मग एक लांब, खोल, घशाच्या तळातून आलेली गुरगुर. लगेच स्पीकरमधून दादाचा आवाज: "चूप!"

"केवढी लांब आहे ही?"

दादानं पडद्यावर पाहिलं. "चार सेकंद."

नववा तुकडा: सळसळ, गुरगुर, "चूप!", आणि मग दार उघडल्याचा आवाज, बिस्किटाचा कुरकुर आवाज, दादाचं लाडकं "शहाणं बाळ ते!"

पुढं प्रत्येक वेळी तेच. फक्त गुरगुर आखडत गेली. तीन सेकंद. दोन. एक. मग नुसतं एक "गर्" आणि गिळलेला श्वास. मग तेही नाही, फक्त जिभेची मऊ चपचप, ओठ चाटल्याची. मग काहीच नाही.

सदतिसाव्या तुकड्याला मावशींचा हात वर झाला.

"हा परत लाव."

सळसळ. शांतता. मग एक कोरडा, बारीक आवाज. खट्.

"हे काय आहे? कधीचं?"

"मागच्या बुधवारचं. खुर्ची असेल," दादा म्हणाला. "म्हणूनच कापलं."

"खुर्ची लाकडाची आहे, तिचा आवाज पसरतो. हा बंद होतो." मावशींनी हेडफोन काढले. त्यांचा चेहरा उतरला होता. "हा दातांचा आवाज आहे, बाळ. त्यानं हवेत तोंड मारलंय. मागच्या बुधवारी तुझ्या ताईच्या हातापासून चार बोटांवर. त्यानं सांगायचं तेवढं सांगून पाहिलं. आपण प्रत्येक वेळी कात्री लावली."

साहेब घड्याळ पाहायचं विसरले.

५

"आता मला एकच सांग," मावशी म्हणाल्या. "सहाव्या आणि सातव्या तुकड्याच्या मध्ये काय झालं? किणकिण कशी गेली?"

दादाचा चेहरा आधी कोरा होता. मग त्यावर काहीतरी चढत गेलं, भिंतीवर ओल चढावी तसं.

"मी... मी बिल्ला गुंडाळला. वाजू नये म्हणून. पट्ट्यासकट. आपण माइकच्या स्टँडखाली लावतो ना, ते जाड फेल्टचं कापड. ते घसरत होतं म्हणून बारीक तार आवळली. वरून चिकटपट्टी. चांगलं घट्ट केलं होतं हो मी..."

वाक्य तिथंच थांबलं. त्याला स्वतःलाच ऐकू आलं होतं.

तो मागच्या खोलीकडे धावला, तशी मावशींनी काठी आडवी घातली. "थांब! आता हात लावायचा नाही. कुणीच नाही. त्याच्याजवळ सांगायला शब्द उरलेले नाहीत, फक्त दात उरलेत. डॉक्टरीणबाईंना फोन कर."

गुरांची आणि कुत्र्यांची डॉक्टरीण तासाभरात आली. उंच, अबोल बाई. तिनं सगळ्यांना दारातच थांबवलं, स्वतः जमिनीवर बसली, पाठ अर्धी फिरवून, आणि गाठोड्या आपण होऊन येईपर्यंत दहा मिनिटं काहीही केलं नाही. मग ताईला त्याच्याशी बोलत राहायला सांगून तिनं त्याच्या तोंडाला मऊ पट्टी बांधली आणि कात्रीनं पट्टा कापला.

फेल्ट भिजून, वाळून पुठ्ठ्यासारखं कडक झालं होतं. तारेचं एक टोक आत वळलेलं होतं. केसांच्या गुंत्याखाली, गळ्याच्या बरोबर मध्यावर, अंगठ्याएवढी जखम.

"गळ्याशी कुणी प्रेमानं हात लावला की हे टोक आत रुतायचं," डॉक्टरीण म्हणाली. "महिनाभर."

ताई खाली बसली. काकूंनी पट्टी बांधलेला हात छातीशी धरला, जणू तो आत्ता दुखू लागला होता, आणि स्वतःसाठी नाही.

दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. "मी त्याला मारलं नाही हो, मावशी. एकदाही नाही. मी बिस्किटं दिली."

मावशींनी आवाजाच्या रोखानं जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माहीत आहे रे. दुष्टपणानं झालं असतं तर मी सकाळीच ओळखलं असतं. आपलं कामच असं आहे, नको तो आवाज काढून टाकायचा. आपण मुक्या जिवाला वाचा नाही म्हणतो. देवानं त्याला वाचा दिली होती. घाबरलो, दुखतंय, थोडं लांब व्हा, एवढं बोलण्यापुरती. ती त्यानं मोठ्या विश्वासानं आपल्यापुढं काढली, आणि आपण त्याला शिकवलं की बोललास तर ओरडा आणि गप्प बसलास तर बिस्किट. शिष्य हुशार निघाला, एवढाच त्याचा दोष."

खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. पाच वाजले होते.

६

साहेब वाईट माणूस नव्हते, आणि त्यामुळेच त्यांचं बोलणं सगळ्यांना जड गेलं.

"मावशी, मला सगळं पटलं. जखम भरेल. पण उद्या त्याचा कान दुखला, पाय मुरगळला, तर? तो गुरगुरणार नाही. तुम्हीच दाखवून दिलंत. आपल्याकडे दिवसाला वीस माणसं येतात, त्यांतल्या निम्म्यांना कुत्रा दिसतच नाही. कान मागे गेले, शेपूट ताठ झाली, हे डोळस माणसाला तरी कळतं. त्यांनी काय करायचं?"

ताईनं आशेनं मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "साहेबांचं बरोबर आहे."

"मावशी!"

"बरोबर आहे गं. त्या विसांत मीही आहे. मुका कुत्रा मला सगळ्यांत धोक्याचा. गुरगुरणारा कुत्रा मला परवडतो, तो मला माझी हद्द सांगतो." त्या साहेबांकडे वळल्या. "पण जे शिकवलं ते विसरवता येतं. डॉक्टरीणबाई, येतं ना?"

"येतं," डॉक्टरीण म्हणाली. "वेळ लागतो. ओरडायचं नाही. ओठ चाटले, तोंड फिरवलं, अंग ताठ केलं, तरी तेच त्याचं बोलणं समजायचं. जे करत होतो ते तिथंच सोडायचं आणि मागं सरायचं. मग शांतपणे बघायचं, का बोलला. ऐकणारं कुणी आहे असं कळलं की आवाज परत येतो. बहुतेकांचा येतो."

"आणि आला नाही तर?"

"तर पाहुण्यांत आणायचा नाही."

खाली हॉर्न पुन्हा वाजला. साहेब खिडकीपाशी गेले, परत आले. मागच्या खोलीत गाठोड्या ताईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. गळ्याभोवती कापसाची पांढरी पट्टी.

"एक महिना," साहेब म्हणाले. "तोवर तो मागच्या खोलीत, अर्ध्या उंचीचं दार बसवून, त्याआड. पाहुण्यांना मनाई. महिन्याच्या आत मला तो गुरगुरलेला ऐकायचाय. नाही ऐकला, तर मी परत फोन करणार, आणि त्या वेळी मला कुणी अडवायचं नाही. कबूल?"

"कबूल," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

गाडी रिकामी गेली.

७

पहिला आठवडा गेला. दुसरा गेला. जखमेवर गुलाबी कातडी आली. गाठोड्या खायचा, झोपायचा, शेपूट हलवायचा, आणि गप्प राहायचा.

दादानं स्पीकरची तार काढून टाकली होती. तो रोज दुपारी अर्ध्या दाराआड जाऊन जमिनीवर बसायचा, दोन हात अंतर ठेवून. गाठोड्यानं जीभ ओठांवरून फिरवली की हा बसल्या बसल्या मागं सरकायचा. "सरकलो रे, सरकलो." भारदस्त लांबून बघायचे. एके दिवशी म्हणाले, "माझ्यावर गुरगुरतो का बघू या? आमचं जुनं आहे." पण गाठोड्यानं त्यांच्याकडे पाहून जांभई दिली. भारदस्तांना ते जरा लागलंच.

तिसरा आठवडा संपला. ताई वाचताना शब्द चुकू लागली. चौथ्या आठवड्याच्या शेवटी, दोन दिवस उरले असताना, दादा कपाटावरून केबलचं वेटोळं काढत होता. मागं सरकताना त्याची टाच गाठोड्याच्या सतरंजीवर, अगदी शेपटीजवळ पडली.

"गर्."

एवढंच. आणि बोलणाराच बोलून दचकला. कान पाडून, अंग चोरून तो दादाकडे बघू लागला, ओरड्याची वाट पाहत.

दादा एका पायावर उभा होता. हातात वेटोळं, डोळ्यांत पाणी. त्यानं पाय अलगद उचलला, एक पाऊल मागं घेतलं. मग दुसरं. "बरं बाबा. तुझी जागा. चुकलो."

गाठोड्यानं थोडा वेळ विचार केला. मग, जणू खरंच ऐकलं का ते बघावं म्हणून, पुन्हा एकदा गुरगुरला. या वेळी जरा लांब.

काकूंनी हातातला झाडू टाकला आणि जिन्यात जाऊन अशी हाक मारली की भारदस्तांनीही मान डोलावली. साहेब दोन-दोन पायऱ्या चढत आले. मागोमाग मावशी, काठी काखेत धरून, काकूंच्या खांद्याला धरून.

"मला ऐकायचंय," साहेब म्हणाले. "मीच ऐकणार."

त्यांनी अर्धं दार उघडलं, आत गेले आणि सतरंजीकडे वाकले. हात पुढं केला, मोठ्या माणसानं करावा तसा, न विचारता. गाठोड्या पोट जमिनीला लावून होता. त्याचा वरचा ओठ थरथरला, आणि घशाच्या तळातून, न आखडता, चांगली चार सेकंद गुरगुर आली.

साहेबांनी हात मागं घेतला. दोन पावलं मागं आले. गुरगुर थांबली. गाठोड्यानं डोकं पंजांवर टेकवलं आणि सुस्कारा सोडला.

"दादा, नगरपालिकेचा नंबर आता खोडून टाक," साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं हसू पसरलं होतं.

"अहो साहेब," काकू म्हणाल्या, "तो तुमच्यावर गुरगुरला आणि तुम्ही हसताय?"

"हसू नको तर काय करू, काकू? सोळा वर्षं या खुर्चीत बसलोय. तोंडावर मला नको म्हणणारा हा पहिलाच."